निमडोहचं वळण

"ज्यांना ऊस खायचाय त्यांनी उतरा, ज्यांना नाही त्यांनी बसून राहा. गाडी काही हलत नाही," असं जाहीर करून कंडक्टर खेडकर सगळ्यांच्या आधी खाली उतरला.

लेंडी नदीच्या अरुंद पुलावर उसाचा ट्रक आडवा झाला होता. निम्मा ऊस नदीत होता, निम्मा पुलावर होता, आणि आमच्या एसटीतले उतारू खाली उतरल्यापासून दोन्हीकडचा कमी होत चालला होता. ट्रकचा ड्रायव्हर कठड्यावर बसून बिडी ओढत होता. आता जे काही करायचं ते दुसऱ्यांनी, असं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

खांबेगावहून सावरटेकला जायला सडक एकच, सडकेवर पूल एकच, आणि मला अकराच्या आत सावरटेकच्या नव्या कॉलेजात पोचायचं होतं. इतिहासाच्या प्राध्यापकाची एक जागा निघाली होती. मी इतिहासाचा एम. ए. होतो आणि घरी बसून माझाही इतिहास व्हायला लागला होता.

"या खेपेला झालं तर झालं," निघताना काका म्हणाले होते, "नाहीतर सोमवारपासून आडतीवर ये. गुळाला एम. ए. झालेला माणूस चालतो." काकांची गुळाची आडत होती. त्यांनी स्वतःचं घड्याळही माझ्या मनगटावर बांधलं होतं. मला वेळ कळावी म्हणून, की मी परत यावं म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी खाली उतरलो, ट्रक पाहिला, परत चढलो, सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून बसलो, परत उतरलो. इस्त्रीच्या शर्टाला चुणी पडू नये म्हणून मी सीटला पाठही टेकवली नव्हती. शेवटी ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. याकूब मुलाणी, सगळे त्यांना चाचा म्हणायचे, स्टिअरिंगवर हात टाकून नदीकडे बघत होते.

"चाचा, दुसरा रस्ता नाही का?"

"आहे की."

"मग?"

"बैलगाडीचा आहे. निमडोहवरनं. तिथं वर नदी ओलांडायची आणि पलीकडं परत या सडकेला लागायचं."

"एसटी जाईल?"

"जायला ती कुठंही जाते. परत येईल का, ते विचारा."

मी ते विचारलं नाही. मी त्यांना मुलाखत सांगितली, काका सांगितले, गुळाच्या ढेपा सांगितल्या. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि हॉर्न दाबला. उसाची कांडी तोंडात धरून खेडकर धावत आला.

"काय झालं, चाचा?"

"चढव सगळ्यांना. निमडोहवरनं जाऊ."

"आपल्या रूटात नाही ते."

"ट्रक आहे का आपल्या रूटात? या पोराची नोकरी आहे. बेल मार."

खेडकरनं कांडीसकट बेल मारली. कुणी काय केलं म्हणून पुढचं सगळं घडलं, असं कोणी विचारलं तर मी खेडकरचं नाव सांगतो.

बैलगाडीचा म्हणून ज्याची इतकी बदनामी केली होती, तो रस्ता पहिल्या चढानंतर बदलला. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड, मधे हातानं बसवलेली खडी, वरून मुरूम. एक खड्डा नाही. चाचांनी दुसरा गियर टाकला, मग तिसरा. तिसरा पडल्यावर ते जरा दचकल्यासारखे झाले.

"सडकेपेक्षा बरं आहे हे. कुणी केलं?"

"सरकारनं केलं नसणार," मागून कोणीतरी म्हणालं आणि गाडी खूश झाली.

मी घड्याळ बघत होतो. असंच चाललं तर वेळेत पोचणार होतो. मी पहिल्यांदाच सीटला पाठ टेकवली, आणि तेवढ्यात हलगी ऐकू आली.

एका वळणावर झाडावर चढलेला माणूस ओरडत खाली उतरताना दिसला. "आली! आली रं! एसटी आली!" पुढच्या वळणाला गाव लागलं आणि अख्खं निमडोह वेशीवर उभं असलेलं दिसलं. माणसं, बाया, पताका, हलगी, ताशा आणि मधोमध गुलाबी फेटा बांधलेले एक उंच गृहस्थ. हात जोडून ते रस्त्याच्या बरोबर मध्यावर उभे होते. चाचांनी ब्रेक दाबला. न दाबून सांगता कुणाला!

"आलात!" ते गृहस्थ म्हणाले. हे सरपंच रंगनाथ शेवाळे, गावाचे आबा. "म्हणले होते संक्रांतीच्या आत गाडी, आणि आलात! संक्रांतीला चार दिवस राहिलेत. शब्द पाळला बघा सरकारनं!"

खेडकरनं माझ्याकडे बघितलं. मी चाचांकडे बघितलं. चाचांनी समोर बघितलं, कारण त्यांच्या काचेवर एक बाई कुंकू लावत होती.

हळूहळू उलगडा झाला. दिवाळीत आमदार गावात येऊन सांगून गेले होते, रस्ता नीट करा, संक्रांतीच्या आत एसटी सुरू करतो. गावानं रस्ता नीट केला. त्यांना एवढंच सांगितलेलं होतं, म्हणून त्यांनी एवढंच करून टाकलं. त्यांना वाटलं, उरलेलं समोरचा करील. गेला आठवडाभर रोज सकाळी ते शेवंतीचा हार करून वेशीवर येत होते आणि गाडी आली नाही की संध्याकाळी तो मारुतीला घालत होते. त्या आठवड्यात मारुतीची मोठी चैन झाली असणार.

"आबा, जरा ऐका," खेडकर दारातून म्हणाला, "ही गाडी म्हणजे..."

"बोला नंतर! आधी खाली उतरा!" आबांनी त्याला ओढून खाली घेतलं आणि त्याच्या गळ्यात हार पडला. हार पडल्यावर खेडकरचा आवाज बंद झाला. मी पुढे पुष्कळ लोकांचं असं झालेलं पाहिलं आहे.

मग त्यांना मी दिसलो. पांढरा शर्ट, हातात फाइल, मनगटावर घड्याळ, आणि सारखं घड्याळ बघणं. इतका अस्वस्थ माणूस साहेबच असणार, याबद्दल निमडोहला शंका राहिली नाही.

"साहेब खाली या! साहेबांना खुर्ची आणा!"

"मी साहेब नाही," मी म्हणालो.

"बघा, मोठी माणसं कशी बोलतात," आबा बाकीच्यांना म्हणाले.

मला खुर्चीवर बसवलं. डोक्याला फेटा बांधायला एक म्हातारा आला. त्याला ऐकू कमी येत होतं, त्यामुळे माझं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचलं नाही. कपाळाला गुलाल लागला, शर्टावर सांडला. उतारूंना द्रोणातून शिरा वाटायला सुरुवात झाली. उसामुळे आधीच गोड झालेले ते लोक शिरा खात माझ्याकडे बघून हसत होते. त्यांपैकी कोणालाच कुठे घाईनं पोचायचं नव्हतं असं दिसलं. महाराष्ट्रात एसटीनं जाणाऱ्या लोकांना एवढा वेळ कुठून मिळतो, हा माझ्या दृष्टीनं तेव्हा संशोधनाचा विषय होता.

"आबा, शिरा राहू द्या. आम्हाला निघायला हवं."

"निघायचं की. ओटी भरली की निघायचं."

"कुणाची ओटी?"

"गाडीची!"

सूप घेऊन एक बाई पुढे आल्या. काळ्यासावळ्या, खणखणीत, डोक्यावरून पदर. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपारी. पोरींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या त्यांच्या मागे.

"ही गयाबाई," आबा म्हणाले. "खडीवर मुकादम होती."

गयाबाईंनी गाडीला डावीकडून उजवीकडून बघितलं. मग चाचांना विचारलं, "ओटी भरायची कुठं हिची?"

आता हा प्रश्न चाचांना नोकरीच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला असणार. पण त्यांनी त्यावर विचार केला. "इंजिनापाशी भरा," ते म्हणाले. "जे काही आहे ते तिथंच आहे."

"पदर कुठं हाय?"

"पदर तर नाही."

बायकांत कुजबुज झाली. पदराशिवाय ओटी घेणार कशात? एक म्हातारी म्हणाली, टाका नुसती बॉनेटवर. दुसरी म्हणाली, तसं बरं दिसत नाही. मी घड्याळ बघितलं. तेवढ्यात चाचांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, गाडीच्या तोंडापाशी उभं राहून दोन्ही हातांनी पसरून धरला.

"टाका यात. मी तिच्याकडचा आहे म्हणा."

गयाबाई पटकन हसल्या. मग गंभीर झाल्या. काचेला हळद लावली, कुंकू लावलं, आणि चाचांच्या टॉवेलात नारळ ठेवला, खण ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. एकेक बाई पुढे आली. कोणी डाव्या बाजूच्या आरशाला हिरव्या बांगड्या अडकवल्या. टॉवेल जड होत गेला तसे चाचा गुडघ्यात थोडे वाकले, पण टॉवेल सैल सोडला नाही.

"नीट जा, बाई," गयाबाई गाडीला म्हणाल्या. "आणि परत ये. ओटी भरलीया."

मग आबा म्हणाले, "आता साहेब दोन शब्द बोलतील."

मी ठरवलं, हीच वेळ. खरं सांगायचं आणि सुटायचं. ही तुमची गाडी नव्हे. पुलावर ट्रक पडला म्हणून चुकून आली. उद्या ट्रक निघेल आणि गाडी सडकेनं जाईल. एवढं एकदा बोललो की पाच मिनिटांत आम्ही रस्त्याला लागलो असतो. मी उभा राहिलो.

"मंडळी," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या.

"खरं सांगायचं म्हणजे, ही गाडी..."

गाडीचं नाव काढल्यावर हलगी वाजली. हलगी थांबायची वाट बघून मी म्हणालो, "आज पुलावर ऊस भरलेला ट्रक..."

"साहेब, ते असू द्या," गयाबाई मधेच म्हणाल्या. "उद्या कितीला येणार, तेवढं सांगा."

ताशावालाही काठ्या काखेत धरून बघायला लागला.

"ही सडक हाय ना खाली," गयाबाई म्हणाल्या, "तिची खडी आमी फोडली. बहात्तरच्या दुष्काळात. साहेब लोक म्हणले, सडक तुमच्या गावावरनं जाणार. म्हणून सगळं गाव फोडायला बसलं. लेकरं काखेत घेऊन फोडली." त्यांनी उजवा हात वर केला. अंगठ्याशेजारचं बोट पेरापासून नव्हतं. "सडक गेली तिकडनं. इचारायला गेलो तर साहेब म्हणला, नकाशात सरळ रेघ हाय. म्हणलं, असू द्या. आता गाडी आली, झालं. पर येळ सांगा. उगं रोज हार करायचा का, तेवढं कळाया पायजे."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. इतिहासाच्या माणसाला सगळ्यांत सोपं काय असेल तर जे घडलं ते सांगणं. मी फेटा सारखा केला.

"याच टायमाला," मागून चाचा म्हणाले. "उद्या. हीच गाडी."

हलगी अशी वाजली की पुढे कोणी काय म्हणालं असतं तरी ऐकू आलं नसतं.

गाव मागे पडल्यावर खेडकर ड्रायव्हरच्या जाळीपाशी जाऊन उभा राहिला. "चाचा, हे तुम्ही कुणाला विचारून सांगितलंत?"

"कुणाला विचारायचं?"

"कंट्रोलरला! उद्या ट्रक निघाला की पूल मोकळा. मग कुठली निमडोहची गाडी?"

"बघू उद्या."

"खोटं बोललात तुम्ही," मी म्हणालो. मला राग आला होता. तो नेमका कशाचा होता ते माहीत नव्हतं. "त्या बाईला निदान खरं तरी कळायला हवं होतं."

चाचांनी आरशात माझ्याकडे बघितलं. बाहेरच्या आरशाला अडकवलेल्या बांगड्या खळखळत होत्या. "मग सांगायचं होतंत की. उभे तुम्हीच होता," ते म्हणाले आणि गाडी नदीत उतरवली. तिथे गावानं दगड रचून फरशी केली होती. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलं. गाडी पलीकडे चढली, सडकेला लागली, आणि मी सावरटेकला उतरून कॉलेजकडे धावत सुटलो.

मुलाखतीच्या खोलीत तिघे बसले होते. त्यांतल्या मधल्यांनी, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांनी, माझ्याकडे बघून खुर्चीतून अर्धवट उठत विचारलं, "कुठं निवडून आलात?"

मी कपाळाला हात लावला. गुलाल होता. डोक्याला हात लावला. फेटा होता.

"मी मुकुंद देवळे. मुलाखतीला आलोय. पुलावर ट्रक पडला होता."

"हो का?" अध्यक्ष परत खाली बसले. "जागा भरली हो. वेळेवर एकच उमेदवार आला. आता वेळ पाळणारा माणूस घ्यायला नको का?"

तो उमेदवार मला बाहेर व्हरांड्यात दिसला. त्याला वेळ पाळणं फारसं अवघड गेलं नव्हतं, कारण तो अध्यक्षांच्या घरीच राहत होता. त्यानं माझ्या फेट्याचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावरटेकच्या स्टँडवर खांबेगावची गाडी लागली. मुक्कामी गाडी, त्यामुळे तीच. काचेवर वाळलेलं कुंकू, आरशात बांगड्या. चाचा वर बसलेले, त्यांच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर टॉवेलाचं गाठोडं तसंच बांधलेलं. मी फेटा पिशवीत कोंबला होता. खेडकरनं मला बघून काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून कोणालाही ते विचारायची गरज पडली नसती.

"खांबेगाव एक," मी म्हणालो. त्यानं तिकीट फाडलं.

गाडी भरलेली होती. बाजाराचा दिवस असावा. पिशव्या, कोंबड्या, एक पत्र्याची पेटी. मी खिडकीशी बसलो आणि काकांना काय सांगायचं ते मनात जुळवायला लागलो. जुळेना. गुळाच्या ढेपा डोळ्यांसमोर येत होत्या. एका ढेपेवर मी बसलो आहे, समोरच्या ढेपेवर काका बसले आहेत, आणि आम्ही दोघेही म्हातारे आहोत, असं काहीतरी.

नदीच्या अलीकडे, जिथून निमडोहचा रस्ता डावीकडे फुटतो तिथे गाडी थांबली.

समोर पूल दिसत होता. ट्रक नव्हता. उसाचं एक चिपाडही नव्हतं, ते लोकांनी नेलं होतं. रिकामा, सरळ, उन्हात चकाकणारा पूल.

"चाचा," खेडकर म्हणाला, "पूल मोकळा झालाय."

"दिसतंय."

"मग चला की."

"ओटी भरलीय."

"गाडीची, चाचा! गाडीची ओटी!"

"मग कुणाची? टॉवेल मी धरला होता. घेतलं तेव्हा घेतलं, आता नाही कसं म्हणायचं?"

मागे गलका झाला. काय झालं? गाडी का थांबली? अहो, चला की, बाजार उठेल! खेडकर जाळीला डोकं लावून हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत होता. "चाचा, काल ट्रक होता, कारण होतं. आज विचारलं तर काय सांगू? गाडीत निमडोहचं एक तिकीट नाही. एकही नाही. उगाच आत नेली तर माझी नोकरी जाईल, तुमची जाईल."

चाचांनी इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की आरशातल्या बांगड्या वाऱ्यानं वाजलेल्या ऐकू आल्या. चाचा समोर बघत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आरशातही पाहिलं नाही.

मी तिथे बसून तीन गोष्टींकडे बघत होतो. घड्याळ, पूल आणि डावीकडचा तो चुना लावलेल्या दगडांचा रस्ता. घड्याळाकडे का बघत होतो कोण जाणे. मला आता कुठेही पोचायचं नव्हतं. पण हात आपोआप वर जात होता. कालची ती वेळ झाली होती. उलटून चालली होती. तिकडे वेशीवर हार करून आणला असेल का, की आज वेळ ठाऊक आहे म्हणून केलाच नसेल?

"निमडोह एक," मी म्हणालो.

खेडकर वळला. "काय?"

"निमडोहचं तिकीट द्या."

"तुमच्याकडे खांबेगावचं आहे."

"ते राहू द्या. निमडोहचं द्या."

"निमडोह नावाचं तिकीट नसतं, साहेब."

"मग पुढच्या थांब्याचं द्या, मी आधीच उतरतो. आता निमडोहला उतरणारा माणूस गाडीत आहे. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, मुकुंद देवळे."

खेडकरनं माझ्याकडे बघितलं, चाचांच्या पाठीकडे बघितलं, बाजाराला निघालेल्या कोंबड्यांकडे बघितलं. मग तिकीट फाडून माझ्या हातात दिलं आणि दोनदा बेल मारली. कालच्यापेक्षा जरा जास्त जोरात. चाचांनी इंजिन सुरू करून गाडी डावीकडे घेतली.

निमडोहच्या वेशीवर हार नव्हता. हलगी नव्हती, फेटे नव्हते, शिरा नव्हता. आंब्याच्या सावलीत पाच-सात माणसं बसली होती, जशी कुठल्याही थांब्यावर बसतात. एकाच्या डोळ्याला पट्टी, एक दुधाची किटली घेऊन, आणि गयाबाई मांडीवर गाठोडं घेऊन. गाडी थांबली तशा त्या उठल्या, पदर खोचला आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता खेडकरला म्हणाल्या, "उशीर केला आज."

"झाला जरासा," खेडकर म्हणाला.

"पहिल्याच दिशी?"

"कुठं जायचं, बाई? गाडी खांबेगावला जातेय, सावरटेकला नाही."

"जाऊ द्या की. गाडी जाईल तिथं. तिकडं बी कुणीतरी असंलच."

त्यांनी मला उतरताना बघितलं. "साहेब, तुमी उतरले?"

"हो."

"का?"

"तिकीट इथलंच आहे."

त्यांना ते पटलं. त्या माझ्या खिडकीच्या जागेवर जाऊन बसल्या. गाडी धूळ उडवत गेली आणि मी आंब्याखाली फेट्याची पिशवी धरून उभा राहिलो. आबा चालत आले. गावात चौथीपर्यंत शाळा होती, पण मास्तर दुसऱ्या गावाहून कधीमधी येत, असं त्यांच्या बोलण्यात आलं. मी म्हणालो, संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, तोवर मुलांना काहीतरी सांगतो.

संध्याकाळची गाडी सुरू व्हायला सहा वर्षं गेली.

काकांचं घड्याळ मी पोस्टानं परत पाठवलं. सकाळची गाडी मात्र येत राहिली. पहिले काही आठवडे रोज कोणी ना कोणी सावरटेकहून निमडोहचं तिकीट काढत असे. ते कोण काढत होतं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे खेडकर निवृत्त झाल्यावरही बोलला नाही. एसटी जाते म्हणून रस्त्याला डांबर पडलं. आमदार एसटीचं उद्‍घाटन करून गेले, तेव्हा ती सुरू होऊन वर्ष झालं होतं. पुढे खालचा जुना पूल वाहतुकीला बंद केला, आमच्या फरशीच्या जागी मोठा पूल झाला, आणि जेव्हा हा सगळा रस्ता राज्यमार्ग झाला तेव्हा नकाशावर रेघ मारणाऱ्यानं गाड्या जिथून जात होत्या तिथूनच ती मारली. दोन गावांमध्ये सरळ जाणारा राज्यमार्ग मधेच उगाच डावीकडे वळतो, निमडोहच्या आंब्याला हात लावतो आणि परत वाटेला लागतो. सरकारी कागदांत याचं कारण "भूरचना" असं दिलं आहे. निमडोहची भूरचना सपाट आहे.

परवा एक तरुण इंजिनियर जीप घेऊन आला होता. बनसोडे नावाचा, हुशार वाटला. आंब्याखाली नकाशा उघडून त्यानं मला विचारलं, "सर, तुम्ही इथले जुने. हे वळण इथं का आहे? वरून विचारणा झालीय, सरळ करायचं आहे. मला कारण सापडत नाहीये."

मी चष्मा काढून पुसला. कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होतो. तेवढ्यात बनसोडेच्या पाठीमागे, जीपच्या तोंडापाशी, गयाबाई आल्या. आता पाठ वाकली आहे, पण सूप स्वतःच धरतात. त्यांच्यामागे सुना, नातसुना. काचेला हळद लागली. कुंकू लागलं. बोट नसलेल्या हातानं त्यांनी जीपच्या आरशात हिरवी बांगडी अडकवली आणि जीपच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "बाबा, टॉवेल हाय का रं?"

बनसोडे वळून बघायला लागला. "सर, हे काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "उद्या कितीला येणार, तेवढं सांगा."